क्यू घेताना पुढची वीत बघा

पूल या टेबलावरच्या चेंडूंच्या खेळाची क्यू, म्हणजे चेंडू मारायची लांब काठी, घ्यायला गेलं की नजर आधी जाते मागच्या जाड भागाकडे, म्हणजे बटकडे. गडद लाकूड, नक्षी, मुठीभोवती गुंडाळलेला दोरा. दिसायला सुंदरच, पण चेंडू कुठे जाणार हे यातलं काहीच ठरवत नाही. क्यूच्या पुढच्या टोकावरची टिप आणि ती ज्याला मारते तो पांढरा चेंडू एकमेकांना टेकलेले असतात जेमतेम १ ते २ मिलिसेकंद. क्यूचा कस लागतो तो तेवढ्या वेळात.

टोला बसला की धक्क्याची लहर क्यूमधून मागे धावते. मेपलच्या लाकडात लांबीच्या दिशेने तिचा वेग सेकंदाला सुमारे ४,००० मीटर असतो. म्हणजे १ मिलिसेकंदात ती दीड मीटरच्या क्यूच्या टोकापर्यंत जाऊन परतसुद्धा येते. म्हणून चेंडूच्या वेगात सगळ्या क्यूचं वजन मोजलं जातं. तरीही वजनाची फार चिंता नको. हात त्याच वेगाने फिरला, तर ५१० ग्रॅमच्या क्यूपेक्षा ६०० ग्रॅमची क्यू चेंडूला फक्त ४ टक्क्यांच्या आसपास जास्त वेग देते. हातात जी सहज फिरते तीच घ्यावी.

खरी गंमत आडव्या हालचालीत आहे. साइड स्पिनसाठी, म्हणजे चेंडूला आडवी फिरकी देण्यासाठी, आपण चेंडूला मधोमध न मारता, समजा, उजवीकडे मारतो. चेंडू फिरू लागतो आणि फिरता फिरता टिपेला उजवीकडे ढकलतो. तितक्याच जोराने टिप त्याला डावीकडे रेटते, त्यामुळे तो नेमाच्या रेषेवरून थोडा डावीकडे सरकून निघतो. यालाच डिफ्लेक्शन म्हणतात. लाकडात आडवी लहर फार हळू सरकते. चेंडू सुटेपर्यंत ती टिपेपासून जेमतेम वीतभर मागे पोचलेली असते. त्यामुळे इथे वजन मोजायचं ते फक्त त्या पुढच्या वितीचं. ती जितकी हलकी, तितकी टिप पटकन बाजूला होते आणि चेंडू कमी सरकतो. लो डिफ्लेक्शन शाफ्ट (शाफ्ट म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग) पुढून पोकळ, बारीक किंवा कार्बन फायबरचे करतात ते याचसाठी. माझं मत स्पष्ट आहे: जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर शाफ्टमध्ये घाला, नक्षीत नको.

टिप चामड्याची असते. कडक टिप चेंडूला लवकर सोडते, मऊ टिप किंचित जास्त वेळ धरते, पण मऊ टिपेचा आकार लवकर बिघडतो. नवशिक्याने मधली घ्यावी. टिप गोलसर हवी. चेंडूची त्रिज्या सुमारे २८.६ मिलिमीटर, मध्यापासून तिच्या निम्म्याच्या, म्हणजे सुमारे १४ मिलिमीटरच्या पलीकडे मारलं, तर टिप घसरू नये म्हणून लावतात तो चॉक लावूनही ती बहुधा घसरते.

लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि वाकतं, म्हणून एक डोळा मिटून क्यूच्या लांबीवरून नजर टाका. बट आणि शाफ्टचा सांधा घट्ट बसतो का, तिथे फट दिसते का, तेही बघा. मग दोन क्यू घेऊन एकच शॉट मारा: टेबलाच्या लांबीभर, सरळ, जोरात, उजव्या स्पिनने. जोर लागतोच, कारण हळू मारलं तर चेंडू वाटेत वळतो आणि डिफ्लेक्शन झाकलं जातं. समोरच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चेंडू नेमापासून किती डावीकडे लागला ते दोन्ही वेळा बघून ठेवा.