धूर, तुषार आणि एक प्रोटॉन

"सिगरेट सोडली. आता नुसती पाण्याची वाफ ओढतो." एका जुन्या मित्राने परवा हे इतक्या अभिमानाने सांगितलं, की त्याचं अभिनंदन करावं की त्याची शिकवणी घ्यावी, ते मला ठरवता येईना. शेवटी दोन्ही केलं. त्याच्या बोलण्यातला पहिला भाग खरा आणि फार मोलाचा होता. दुसरा साफ चुकीचा.

व्हेपमधून, म्हणजे ई-सिगरेटमधून, निघते ती वाफच नव्हे. आत तारेचं एक वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. बॅटरीवर ते साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. त्याला चिकटून असलेल्या वातीत भिनलेला द्रव उडतो आणि नळीतल्या गार हवेत येताच पुन्हा द्रवरूप होऊन मायक्रॉनहूनही बारीक थेंब तयार होतात. म्हणजे हे धुक्यासारखे तुषार झाले. शास्त्रज्ञ त्याला एरोसोल म्हणतात. द्रवात पाणी असलंच तर थोडंसं. बाकी सगळं प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात स्वादासाठी काहीबाही आणि निकोटिन. हे दोन्ही मुख्य पदार्थ आजूबाजूचं पाणी ओढून घेतात, म्हणून व्हेप ओढणाऱ्याच्या घशाला सारखी कोरड पडते. पाण्याची वाफ असती तर कोरड कशाला पडली असती?

सिगरेटचं यंत्र अगदीच वेगळं. झुरका घेताना तिच्या टोकाचा निखारा ९०० अंशांच्या आसपास जातो. निखाऱ्याच्या लगेच मागच्या पट्ट्यात उष्णता भरपूर, पण ऑक्सिजन कमी. तिथे तंबाखू धड जळत नाही, नुसती तुटत राहते. या अर्धवट तुटण्यातून धुरात ७,००० हून अधिक रसायनं जमा होतात आणि त्यातली सुमारे ७० कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅम निकोटिन रक्तात पोचवण्यासाठी माणूस तोंडाशी एक भट्टी पेटवतो. मायकल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ मध्येच लिहून ठेवलं होतं की लोक निकोटिनसाठी सिगरेट ओढतात, पण मरतात ते टारमुळे, म्हणजे धुरातल्या चिकट काळ्या राळेमुळे.

भट्टी विझली की पहिला फरक दिसतो कार्बन मोनॉक्साइडमध्ये. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ताकदीने चिकटतो आणि रक्तातली जागा अडवून बसतो. सिगरेट पूर्ण थांबली तर एक-दोन दिवसांत तो निघून जातो. तंबाखूतली नायट्रोसअमाइन ही कर्करोगकारक रसायनंही कमी होतात. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका पाहणीत, सिगरेट पूर्ण सोडून दीर्घकाळ फक्त व्हेप ओढणाऱ्यांच्या शरीरात एनएनएएल या कर्करोगाशी जोडलेल्या पदार्थाचं प्रमाण धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा ९७ टक्के कमी आढळलं. सिगरेट आणि व्हेप दोन्ही ओढणाऱ्यांमध्ये मात्र म्हणण्यासारखी घट नव्हती. त्याकडे पुन्हा येऊ.

आता माझ्या आवडीचा भाग. शाळेतलं आम्ल-आम्लारी प्रकरण आठवत असेल तर बरं, नसेल तर जरा धीर धरा.

निकोटिनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आहेत. त्यातला एक भलताच पकडखोर. संधी मिळाली की आजूबाजूचा एखादा प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, तो धरून ठेवतो. प्रोटॉन धरला की अख्ख्या रेणूवर धनभार येतो. सोडला की रेणू पुन्हा उदासीन. एवढाच फरक, पण त्यावर अब्जावधींचा धंदा उभा आहे. उदासीन निकोटिन सहज उडतं, पेशींच्या स्निग्ध पटलातून आरपार जातं आणि घशाला झोंबतं. भारित निकोटिन मवाळ. ते झोंबत नाही, पण पटलही ओलांडत नाही.

किती रेणू कुठल्या रूपात असतील हे सामू (पीएच) ठरवतो. सामू ८ असेल तर निम्मे भारित, निम्मे उदासीन. तिथून सामू एकाने सरकला की दोन्ही रूपांचं गुणोत्तर दहापटीने बदलतं. सामू ६ ला उदासीन निकोटिन उरतं जेमतेम १ टक्का. ९ ला ते ९० टक्क्यांच्या पुढे जातं. आपल्या रक्ताच्या ७.४ ला साधारण एक पंचमांश. हे तीन आकडे लक्षात ठेवले की तंबाखूचं अर्धं रसायनशास्त्र आलं.

सिगारचं पाहा. तिचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन बरंचसं मोकळं. ते तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरतं, आणि छातीत ओढू गेलं तर ठसका लागतो. म्हणून सिगारवाले धूर तोंडात घोळवून सोडून देतात. तोंडात धरायच्या तंबाखूत जगभर कुठला ना कुठला अल्क मिसळतात, कुठे चुना, कुठे राख, कुठे सोडियम कार्बोनेट. तेही याच कारणासाठी. ज्यांनी ही युक्ती शोधली त्यांना प्रोटॉन माहीत नव्हता. जीभ होती.

सिगरेटने बरोबर उलटी वाट धरली. तिच्यातली व्हर्जिनिया जातीची पानं बंद कोठारात गरम हवेवर वाळवतात. उष्णतेने पानातली विकरं (एन्झाइम) लवकर थंडावतात आणि साखर शिल्लक राहते. ती साखर जळताना आम्लं तयार होतात, धुराचा सामू ६ च्या आसपास उतरतो आणि जवळजवळ सगळं निकोटिन प्रोटॉन धरून बसतं. झोंबणं संपलं. आता हा धूर छातीत खोल ओढता येतो.

पण भारित निकोटिन पटल ओलांडत नाही म्हणालो ना? मग ते रक्तात जातं कसं? इथेच खरी गंमत आहे. फुफ्फुसातल्या वायुकोशांचं अस्तर विलक्षण पातळ, आणि सगळं पसरलं तर कित्येक चौरस मीटर भरेल एवढं. त्यावरच्या द्रवाचा सामू रक्तासारखाच. तिथे पोचताच एक पंचमांश निकोटिन प्रोटॉन सोडून पलीकडे निसटतं. ते गेल्यामुळे तोल बिघडतो. तो सावरण्यासाठी उरलेल्यातले आणखी काही रेणू प्रोटॉन सोडतात, तेही निसटतात. अशी रांग लागते. फुफ्फुसातून हृदयाच्या डाव्या कप्प्यात, तिथून थेट मेंदूत, सगळा प्रवास १० ते २० सेकंदांचा. कातडीवर लावायच्या निकोटिनच्या पट्टीला तिची कमाल पातळी गाठायला काही तास लागतात. चटक लागण्यात नुसत्या प्रमाणाइतकाच या वेगाचाही हात असतो.

हे समजलं की व्हेपचा इतिहास सोपा होतो. होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगरेटचा पूर्वज बनवला. तो स्वतः धूम्रपान करणारा होता. सुरुवातीच्या उपकरणांत निकोटिन उदासीन रूपात असायचं. जास्त घातलं तर घसा सोलवटायचा, कमी घातलं तर तलफ भागायची नाही. अनेकांनी चार दिवस खेळून ते खणात टाकलं आणि पुन्हा सिगरेट पेटवली. २०१५ मध्ये ज्यूल हे अमेरिकी उपकरण आलं आणि त्याच्या द्रवात बेंझोइक आम्ल घातलेलं होतं. आम्लाने निकोटिनला प्रोटॉन दिला, निकोटिन क्षाराच्या रूपात गेलं, झोंबणं थांबलं. वाळवणीच्या कोठाराने जे केलं तेच आता एका पांढऱ्या भुकटीने साधलं. मग प्रमाण वाढवायला अडचण उरली नाही. त्या द्रवात दर मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटिन होतं, तर युरोपीय संघाची मर्यादा २० ची आहे.

सिगरेटवाल्याला अखेर सिगरेटसारखं काही मिळालं. आणि ज्याने कधी सिगरेटला हात लावला नव्हता त्या पोराला पहिल्याच झुरक्याला लागणारा ठसका, हा निसर्गाने दिलेला अडसर, नाहीसा झाला. २०१९ मध्ये अमेरिकेत माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतली २७.५ टक्के मुलं व्हेप ओढत होती. म्हणून "व्हेप चांगलं की वाईट" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. कोणासाठी, ते आधी सांगा.

सोडणाऱ्यांपुरतं बोलायचं तर पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८८६ जणांच्या ब्रिटिश चाचणीत एका गटाला ई-सिगरेट दिली, दुसऱ्याला पट्ट्या, च्युइंगगम वगैरे. वर्षाअखेर सिगरेटमुक्त होते १८ टक्के विरुद्ध ९.९ टक्के. जवळपास दुप्पट, पण दर शंभरातले ऐंशीहून जास्त पुन्हा सिगरेटवर, हेही त्याच आकड्यांत आहे. शिवाय पहिल्या गटात जे यशस्वी झाले त्यांच्यातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. दुसऱ्या गटात पट्टी-गमवर टिकलेले ९ टक्के. सिगरेट निदान जळून संपते, हातात थोटूक उरतं. व्हेपला थोटूकच नाही. कुठे थांबायचं ते उपकरण सांगत नाही.

दोन्ही ओढणाऱ्यांचा हिशेब फसतो. "वीसवरून एकावर आणली" म्हणणाऱ्याला वाटतं धोका विसाव्या हिश्शावर आला. हृदयविकाराच्या बाबतीत तसं नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, दिवसाला एक सिगरेट ओढणाऱ्याचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. व्हेपचा फायदा सिगरेटच्या जागी आलं तरच, जोडीला आलं तर फार थोडा.

"९५ टक्के सुरक्षित" हे वाक्य मात्र मला सहन होत नाही. मुळात ते "९५ टक्के कमी हानिकारक" असं आहे आणि २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने ते उचलून धरलं. त्यामागचा आकडा एका खोलीत बसलेल्या तज्ज्ञांनी निकोटिनच्या १२ उत्पादनांना १४ निकषांवर दिलेल्या गुणांतून आला होता. तो अंदाज होता, मोजमाप नव्हे. दिशा बरोबर आहे, पण नेमकेपणाचा आव खोटा. आणि फुफ्फुसाचा कर्करोग व्हायला काही दशकं लागतात, व्हेपचा मोठा वापर मात्र जेमतेम पंधरा-वीस वर्षांचा. शिवाय कॉइल कोरडी पडली तर ग्लिसरीन तुटून अॅक्रोलीन आणि फॉर्माल्डिहाइड ही विषारी रसायनं तयार होतात, तारेतून निकेल-क्रोमियमसारखे धातू येतात. "स्वाद खाण्यायोग्य आहे" हेही ऐकवू नका. जठराला आम्ल आहे आणि यकृताची राखण आहे. फुफ्फुसाला यातलं काहीच नाही.

उलट बाजूची अतिशयोक्तीही तेवढीच. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपशी जोडलेल्या फुफ्फुसविकाराची साथ आली, तीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, मृत ६८. "व्हेपने माणसं मेली" अशी हाकाटी झाली. मुख्य दोषी निघालं व्हिटॅमिन ई अॅसिटेट, तेही बहुतांशी टीएचसीच्या, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाच्या, भेसळ कार्ट्रिजमध्ये. नेहमीच्या निकोटिन द्रवात ते नसतं. ती बातमी वाचून घाबरून पुन्हा सिगरेटकडे वळणं म्हणजे आगीतून फुफाट्यात नव्हे, फुफाट्यातून आगीत.

माझ्या मित्राची तक्रार वेगळीच निघाली. व्हेपवर आल्यापासून छाती धडधडते, रात्री डोळा लागत नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून तो "फुफ्फुसं धुणारा" काढा घेत होता. फुफ्फुसं धुवायला श्वासनलिकेत सूक्ष्म केसांची फौज असते. धूर थांबला की ती हळूहळू पुन्हा कामाला लागते. काढा तिकडे जातच नाही, तो अन्ननलिकेने पोटात जातो.

मी विचारलं, कॉफी किती? दिवसाला सहा कप, पूर्वीपासून.

सिगरेटच्या धुरातली बहुचक्री हायड्रोकार्बनं यकृतातल्या सीवायपी१ए२ या विकराचं उत्पादन वाढवतात, आणि कॅफिनचा निचरा हेच विकर करतं. म्हणून धूम्रपान करणाऱ्याची कॉफी जवळपास दुप्पट वेगाने उतरते. हे काम निकोटिनचं नाही, जळण्याचं आहे. व्हेपवर आलं की निकोटिन चालू राहतं, पण जळण बंद होतं. आठवडाभरात विकर मूळ पातळीकडे येतं आणि तेच सहा कप बारांसारखे लागू होतात. मानसिक आजारांवरची क्लोझापिन, ओलान्झापिन, दम्यावरचं थिओफिलिन अशी काही औषधंही याच वाटेने जातात. ती घेणाऱ्याने सिगरेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर नेहमीचीच मात्रा अंगावर येते.

मित्र कुठलंही औषध घेत नाही. त्याला म्हटलं, काढा बंद कर, कॉफी तीन कपांवर आण आणि झोपण्याआधीचा व्हेप सोड. कॉफी कमी केली त्याने. व्हेपबद्दल विचारलं तर विषय बदलतो.