नेब्रास्का कॉर्नहस्कर्स : १९८३ चा हंगाम

अमेरिकेतील लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा गाजलेला हंगाम. हंगामापूर्वीच्या पहिल्या क्रमवारीपासून हा संघ अव्वल राहिला आणि नियमित हंगामातील बाराही सामने त्याने जिंकले. मात्र २ जानेवारी १९८४ रोजी ऑरेंज बाउल सामन्यात (हंगामानंतर निवडक संघांत होणाऱ्या ‘बाउल’ सामन्यांपैकी एक) मायामी विद्यापीठाकडून तो ३१–३० असा एका गुणाने हरला व राष्ट्रीय विजेतेपदाला मुकला. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वांत भेदक आक्रमणांत या संघाच्या आक्रमणाची गणना होते. विजेतेपद न मिळालेल्या संघांत तो सर्वश्रेष्ठ होता असेही म्हटले जाते. १९६६ चा अलाबामा, १९६९ चा पेन स्टेट अशी न हरता डावलली गेलेली उदाहरणे समोर असल्याने हे विधान जपून करावे लागते. पण केवळ आक्रमणापुरते पाहिले तर ते मान्य करण्यास हरकत नाही.

त्या काळी विजेता ठरवण्यासाठी अंतिम सामना नव्हता. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा क्रीडापत्रकारांचा कौल आणि युनायटेड प्रेस इंटरनॅशनलचा प्रशिक्षकांचा कौल यांत अखेरीस पहिला येणारा संघ विजेता मानला जाई. बाउल सामन्यांच्या जोड्याही करारांनी बांधलेल्या असत. बिग एट गटाचा विजेता म्हणून नेब्रास्काला ऑरेंज बाउल, तर नैऋत्य गटाचा विजेता म्हणून टेक्ससला कॉटन बाउल खेळणे भाग होते. त्यामुळे १२–० (विजय–पराभव) नेब्रास्का आणि दुसऱ्या क्रमांकाचा ११–० टेक्सस यांची गाठ पडणे शक्यच नव्हते.

प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांचा हा अकरावा हंगाम. त्यांच्याआधीचे बॉब डेव्हेनी यांनी १९७० व १९७१ ही दोन विजेतेपदे मिळवून दिली होती आणि ऑस्बोर्न यांची तुलना सतत त्यांच्याशी होई. १९८२ मध्ये नेब्रास्काने एकच सामना गमावला, तोही पेन स्टेटविरुद्ध शेवटच्या क्षणी, २७–२४ असा. पेन स्टेट त्या वर्षी राष्ट्रीय विजेता ठरला. नव्या हंगामाचा पहिला सामना २९ ऑगस्ट १९८३ रोजी न्यू जर्सीत त्याच पेन स्टेटशी झाला. नेब्रास्काने तो ४४–६ असा जिंकला.

पुढे वायोमिंग ५६–२०, मिनेसोटा ८४–१३, यूसीएलए ४२–१०, सिरॅक्यूज ६३–७, ओक्लाहोमा स्टेट १४–१०, मिझूरी ३४–१३, कोलोरॅडो ६९–१९, कॅन्सस स्टेट ५१–२५, आयोवा स्टेट ७२–२९, कॅन्सस ६७–१३ आणि ओक्लाहोमा २८–२१ असे निकाल लागले. मिनेसोटावरचा विजय त्यांच्याच मैदानावरचा होता. कोलोरॅडोविरुद्ध मध्यंतराला केवळ १४–१२ अशी आघाडी होती. तिसऱ्या एकाच सत्रात नेब्रास्काने ४८ गुण केले. खरी कसोटी पाहिली ती ओक्लाहोमा राज्यातील दोन संघांनीच.

गुणसंख्येबाबत संदर्भग्रंथांत दोन आकडे आढळतात, ६२४ आणि ६५४. दोन्ही बरोबर आहेत. पहिला बारा सामन्यांचा (सरासरी ५२), दुसऱ्यात ऑरेंज बाउलचे ३० गुण मिळवलेले आहेत. २००२ पूर्वी बाउल सामन्यांची आकडेवारी अधिकृत नोंदीत धरली जात नसे, म्हणून अधिकृत आकडा ६२४ हाच समजावा. सर्वाधिक सरासरीचा मान मात्र या संघाकडे जात नाही. १९४४ च्या आर्मी संघाने नऊ सामन्यांत ५०४ गुण, म्हणजे सामन्यामागे ५६ गुण केले होते. तो युद्धाचा काळ होता. बहुतेक विद्यापीठांचे खेळाडू सैन्यात गेलेले, तर आर्मीकडे निवडक खेळाडू जमलेले. त्या आकड्याशेजारी १९८३ चा आकडा ठेवताना हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

या आक्रमणाचा पाया धावण्यावर होता. क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू) चेंडू घेऊन कडेकडेने धावतो आणि बचावपटू अंगावर येईपर्यंत निर्णय लांबवतो. मग चेंडू स्वतःजवळ ठेवतो किंवा मागून धावणाऱ्या साथीदाराकडे फेकतो. ‘ऑप्शन’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत संघाचा क्वार्टरबॅक टर्नर गिल याच्या हाती फार देखणी दिसे. मुख्य संघातून सुरुवात केलेल्या ३० सामन्यांपैकी २८ त्याने जिंकले आणि बिग एट गटात तो एकदाही हरला नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्या माइक रोझियरने हंगामात २,१४८ यार्ड धाव घेत २९ टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणे; सहा गुण) केले. प्रत्येक धावेमागे त्याची सरासरी ७.८ यार्ड पडली आणि शेवटच्या चारही सामन्यांत त्याने २०० यार्डांचा टप्पा ओलांडला. त्या वर्षीचा हाइझमन करंडक (सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा) त्यालाच मिळाला. पास झेलणारा अर्विंग फ्रायर हा या आक्रमणाचा तिसरा मोहरा. १९८४ च्या व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत त्याचे नाव सर्वांत आधी पुकारले गेले. पण या तिघांना वाट मोकळी करून देणाऱ्या आघाडीच्या फळीचे श्रेय नेहमीच कमी सांगितले जाते. त्या फळीतील गार्ड डीन स्टाइनकुलर याला आउटलँड व लोंबार्डी हे फळीतील खेळाडूंसाठीचे दोन्ही पुरस्कार मिळाले.

संघाची उणी बाजू बचावाची होती. पहिल्या पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ५६ गुण केले, पुढच्या सातांत १३०. मोठ्या आघाडीनंतर राखीव खेळाडू उतरत असल्याने या आकड्यांवर फार भार टाकता येत नाही. तरीही त्यांतील चढता कल लपत नाही. ऑरेंज बाउलमधील प्रतिस्पर्धी मायामीचे प्रशिक्षक हॉवर्ड श्नेलनबर्गर हे व्यावसायिक फुटबॉलमधून आलेले, पासवर भर देणारे. त्यांचा क्वार्टरबॅक बर्नी कोझार हा पहिल्याच हंगामात खेळत होता. पहिला सामना फ्लोरिडाकडून २८–३ असा गमावल्यावर मायामीने सलग दहा सामने जिंकले होते. तरी तो पाचव्या क्रमांकावर होता आणि नेब्रास्काचे पारडे बरेच जड मानले जात होते. सामना मात्र मायामीच्या नेहमीच्याच मैदानावर होता.

त्या दिवशी दुपारी टेक्सस जॉर्जियाकडून १०–९ असा हरला. चौथ्या क्रमांकाच्या इलिनॉयला यूसीएलएने ४५–९ असे लोळवले. मायामीच्या वरचे दोन संघ असे शर्यतीतून बाद झाले. रात्री पहिल्याच सत्रात कोझारच्या दोन टचडाउन पासांमुळे मायामीने १७–० अशी आघाडी घेतली.

नेब्रास्काचे खाते उघडले ते एका हिकमतीने. गिलने चेंडू हाती घेतल्यासारखे करून तो मुद्दाम जमिनीवर ठेवला आणि सगळा खेळ एका बाजूला धावला. उजवीकडचा गार्ड स्टाइनकुलर याने तो चेंडू उचलला व उलट दिशेने १९ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. एरवी गार्डला चेंडू हाताळायला मिळत नाही; जमिनीवर पडलेला चेंडू मात्र कोणीही उचलू शकतो, या नियमावर ही चाल बेतलेली होती. ‘फंबलरूस्की’ या नावाने ती याच सामन्यामुळे सर्वतोमुखी झाली, म्हणून तिचा उगमही येथेच सांगितला जातो. ते बरोबर नाही. ऑस्बोर्न यांच्याच संघाने १९७९ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध तिच्यावर टचडाउन मिळवला होता. चाल त्याहूनही जुनी असावी असे मानले जाते आणि तेच अधिक संभवनीय वाटते. १९९० च्या दशकाच्या आरंभी नियम बदलून तिच्यावर बंदी घालण्यात आली.

मध्यंतराला १७–१४ आणि तिसऱ्या सत्रात १७–१७ अशी बरोबरी झाली. नंतर मायामी पुन्हा ३१–१७ असा पुढे गेला. १४७ यार्ड धावलेला रोझियर घोट्याच्या दुखापतीने बाहेर पडला. त्याच्या जागी आलेल्या जेफ स्मिथने चौथ्या सत्रात टचडाउन केला. जादा गुणाच्या किकनंतर गुणफलक ३१–२४ असा झाला. अखेरच्या चढाईत गोलरेषेपलीकडे फ्रायरच्या हातून एक झेल सुटला. चौथ्या, म्हणजे अखेरच्या प्रयत्नात चेंडू राखण्यासाठी आठ यार्ड हवे असताना गिलने ऑप्शनच खेळून चेंडू स्मिथकडे टाकला आणि स्मिथ २४ यार्ड धावत गोलरेषा ओलांडून गेला. ३१–३०, खेळ संपायला ४८ सेकंद.

किक मारून एक गुण घेतला असता तर सामना अनिर्णित राहिला असता, कारण महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये तेव्हा जादा वेळ नव्हता. पराभव न झालेला एकमेव प्रबळ संघ म्हणून नेब्रास्काला विजेतेपद मिळाले असते, असे बहुतेक लेखक धरून चालतात, आणि ते बहुधा खरे आहे. ऑस्बोर्न यांनी तीन यार्डांवरून दोन गुणांचा प्रयत्न (किकऐवजी चेंडू पुन्हा गोलरेषेपलीकडे नेण्याचा) करण्याचे ठरवले. बरोबरीसाठी खेळणे त्यांना पटणारे नव्हते. गिलने उजवीकडे सरकत स्मिथच्या दिशेने पास टाकला. मायामीच्या केनी कॅलहूनची बोटे चेंडूला लागली आणि तो स्मिथला झेलता आला नाही.

या निर्णयावर दोन मते आहेत. एका मते हा खिलाडूवृत्तीचा नमुना. याउलट दाखला दिला जातो तो १९ नोव्हेंबर १९६६ च्या नोत्र दाम–मिशिगन स्टेट सामन्याचा : १०–१० असताना नोत्र दामने उरलेला वेळ सावधपणे काढला, टीका सोसली आणि विजेतेपद घेतले. दुसऱ्या मते, हाती असलेले विजेतेपद ऑस्बोर्न यांनी घालवले. प्रस्तुत नोंदीचा कल पहिल्या मताकडे आहे. पण या वादात एक तांत्रिक मुद्दा मागे पडतो. दोन गुणांचा प्रयत्न करायचाच होता, तर तो आधीच्या टचडाउननंतर, ३१–२३ असताना करणे हिशेबाने फायद्याचे होते. तो साधला असता तर शेवटी साध्या किकने ३२–३१ असा विजय मिळाला असता. फसला असता तर शेवटी पुन्हा दोन गुणांचा प्रयत्न करून बरोबरी साधण्याची संधी उरली असती. अशा प्रयत्नाच्या यशाची शक्यता निम्मी धरली आणि किक चुकत नाही असे मानले, तर या क्रमात विजय ५०, बरोबरी २५ व पराभव २५ टक्के पडतो. ऑस्बोर्न यांच्या क्रमात विजय ५० टक्केच, पण उरलेला सगळा पराभव. ३१–२५ असताना मायामी वेगळ्या पद्धतीने खेळला असता, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय त्या काळी असा विचार कोणताही प्रशिक्षक सहसा करीत नसे.

दोन्ही कौलांत मायामी पहिला आणि नेब्रास्का दुसरा आला. मायामीचे हे पहिले राष्ट्रीय विजेतेपद. तिसऱ्या क्रमांकावरून शुगर बाउल जिंकलेल्या ऑबर्नला तिसऱ्याच जागी ठेवले गेले. न्यूयॉर्क टाइम्सच्या संगणकीय क्रमवारीत मात्र ऑबर्न पहिला होता आणि इतर काही गणिती क्रमवारींनी नेब्रास्काला पहिला क्रमांक दिला. लोकमान्यता मिळाली ती कौलांनाच.

ऑस्बोर्न यांना पहिले विजेतेपद १९९४ च्या हंगामात मिळाले. १ जानेवारी १९९५ रोजी त्याच मैदानावर नेब्रास्काने मायामीला २४–१७ असे हरवले. १९९५ व १९९७ ची विजेतेपदेही त्यांच्या नावावर आहेत. निवृत्तीनंतर ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य झाले. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये जादा वेळेचा नियम १९९६ च्या हंगामापासून सर्वत्र लागू झाला, आणि बरोबरीसाठी किक की विजयासाठी प्रयत्न, हा प्रश्न त्या रूपात पुन्हा कोणत्याही प्रशिक्षकापुढे आला नाही.