ऑक्शन हाऊसची तुलना करायचीय? आधी या एका कार्डाची गोष्ट

खेळाडूंच्या चित्रांची जुनी कार्डं लोक जमवतात, त्यांच्यासाठी कुठलं ऑक्शन हाऊस (लिलाव करणारी कंपनी) चांगलं असं विचारलं की लोक लगेच रेकॉर्ड भाव सांगायला लागतात, २०२२ मध्ये हेरिटेजने टॉप्स कंपनीचं १९५२ चं बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं वगैरे. मला त्यापेक्षा एका दुसऱ्याच कार्डाचा प्रवास जास्त कामाचा वाटतो, बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, टी२०६ या मालिकेतलं.

हे अमेरिकन टोबॅको कंपनीचं, १९०९ ते ११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटात यायचं. वॅग्नरचं छापणं लवकरच थांबलं म्हणून फार थोडी उरली. त्यातलं सगळ्यात कोरं दिसणारं कार्ड १९८५ मध्ये बिल मॅस्ट्रो नावाच्या डीलरने २५ हजार डॉलरला घेतलं आणि दोनच वर्षांत १ लाख १० हजारला विकलं. मग १९९१ ला ते न्यूयॉर्कच्या सदबीजच्या लिलावात आलं, हॉकीवाला वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा पार्टनर ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजारला उचललं. यात बोली होती ४ लाख १० हजारची, वरचे ४१ हजार म्हणजे सदबीजचं बायर्स प्रीमियम, बोलीवर घेणाऱ्याने ऑक्शन हाऊसला द्यायची रक्कम. हल्ली हे प्रीमियम बऱ्याच ठिकाणी २० टक्क्यांच्या आसपास असतं आणि पेपरात येतो तो आकडा बहुतेक वेळा प्रीमियम धरूनच असतो, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही, विकणाऱ्याच्या हातात किती पडले ते वेगळंच.

त्याच १९९१ मध्ये पीएसए ही ग्रेडिंग कंपनी, म्हणजे कार्ड खरं आहे का आणि किती चांगल्या अवस्थेत आहे ते तपासून ग्रेड देणारी, सुरू झाली आणि तिने ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड हेच, १० पैकी ८ ग्रेड देऊन. कार्ड जमवणाऱ्यांत कुजबुज कायम होती की ते कोरं दिसावं म्हणून कडा कापल्यात, आणि २०१३ मध्ये मॅस्ट्रोने कोर्टात कबूलच केलं की हो, मीच कापल्या. म्हणजे ग्रेडिंगचा पायाच असा घातला गेला!

पण तो कोर्टात उभा होता तो खरं तर दुसऱ्याच गोष्टीसाठी. मधल्या काळात त्याने स्वतःचं ऑक्शन हाऊस काढलेलं, स्पोर्ट्स मेमोरॅबिलियात (खेळांशी संबंधित जुन्या संग्राह्य वस्तूंत) ते सगळ्यात मोठं झालं होतं, आणि तिथे शिल बिडिंग चालायचं, म्हणजे घरातल्याच माणसांनी खोट्या बोल्या लावून भाव चढवायचा. २००९ मध्ये दुकान बंद, २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा.

आज जी नावं आपण तोलत बसतो ती वेगवेगळ्या वाटांनी आलीत. हेरिटेज डॅलसचं, मूळ धंदा नाण्यांचा, १९७६ पासूनचा. लेलँड्स १९८५ चं. रॉबर्ट एडवर्ड जुन्या बेसबॉल कार्डांसाठी नावाजलेलं, २०२१ मध्ये एक वॅग्नर त्यांनी ६६ लाख डॉलरला विकलं. गोल्डिन त्या मानाने पोरगं, २०१२ चं, पण त्याची गोष्ट बघा: २०२१ मध्ये ते कलेक्टर्स या कंपनीने विकत घेतलं आणि पीएसए पण याच कलेक्टर्सची, म्हणजे ग्रेड देणारा आणि लिलाव करणारा एकाच मालकाचे. ते तीन वर्षं चाललं, २०२४ मध्ये गोल्डिन ईबेकडे गेलं आणि त्याच वर्षी कलेक्टर्सने पीएसएची स्पर्धक एसजीसी विकत घेतली.