६५०२ वरील फोर्थ इंटरप्रिटर

६५०२ या आठ-बिटी प्रक्रियकासाठी असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रक्रियकाच्या आज्ञा एकेक करून, लिहिलेला, फोर्थ ही संगणकभाषा चालवणारा कार्यक्रम. फोर्थमधील प्रत्येक कृतीला ‘शब्द’ म्हणतात. शब्दांचा एक कोश संगणकाच्या स्मृतीत असतो आणि नवे शब्द जुन्या शब्दांतून बांधले जातात. सगळी देवाणघेवाण स्टॅकवरून होते. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट आधी उचलावे तशी संख्यांची ही चळत असते. म्हणून फोर्थमध्ये आधी संख्या येतात आणि क्रिया शेवटी येते: २ ३ +. इंग्रजी वाचकाला हा क्रम उलटा वाटतो. ‘दोन आणि तीन मिळव’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो तसा वाटू नये, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटीच येते.

फोर्थ चार्ल्स मूर या अमेरिकन प्रोग्रामरने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आणली. चौथ्या पिढीची भाषा म्हणून तिचे नाव ‘फोर्थ’. पण आयबीएम ११३० या यंत्रावर फाइलच्या नावाला पाचच अक्षरे मिळत, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधले ‘यू’ गळाले आणि ते कायमचे गळाले. १९७१ च्या सुमारास ॲरिझोनातील किट पीक येथील रेडिओ दुर्बिणीचे नियंत्रण फोर्थमधून होऊ लागले. मूर आणि एलिझाबेथ रॅथर यांचा सहभाग असलेली फोर्थ इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी १९७३ मध्ये निघाली. घरगुती संगणकांवर मात्र फोर्थ पोहोचली ती फोर्थ इंटरेस्ट ग्रुप या कॅलिफोर्नियातील हौशी गटामुळे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या गटाने ‘फिग-फोर्थ’ नावाचा एक नमुना ठरवला आणि ८०८०, ६५०२, ६८००, ६८०९ अशा अनेक प्रक्रियकांसाठी त्याची पूर्ण असेंब्ली यादी छापून सर्वांना खुली केली. ६५०२ ची यादी बिल रॅग्सडेल यांची. लोक ती कागदावरून हाताने टंकून आपापल्या यंत्रात घालत. पुढे ज्या तपशिलांची चर्चा आहे ते मुख्यतः याच यादीतले आहेत, कारण आठ-बिटी यंत्राच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय तिच्यात सर्वांत स्वच्छ दिसतात.

यंत्राची अडचण

फोर्थला चार गोष्टी सतत हाताशी लागतात. पुढचा शब्द कुठे आहे हे दाखवणारा दर्शक, ज्याला आयपी म्हणतात, सध्या चालू असलेल्या शब्दाचा दर्शक, म्हणजे डब्ल्यू, संख्यांचा स्टॅक, आणि परतीचे पत्ते ठेवणारा दुसरा स्टॅक. पहिल्या दोहोंना प्रत्येकी १६ बिट हवेत, आणि स्टॅकवरची प्रत्येक संख्याही १६ बिटांची असते. १९७५ मध्ये मॉस टेक्नॉलॉजीने बाजारात आणलेल्या ६५०२ मध्ये मात्र ए, एक्स आणि वाय अशी तीन आठ-बिटी रजिस्टरे, म्हणजे प्रक्रियकातच असलेल्या साठवणीच्या जागा, आहेत. त्यांत १६ बिटांचा एकही पत्ता मावत नाही. यंत्राचा स्वतःचा स्टॅकही २५६ बाइटांत, स्मृतीच्या दुसऱ्या पानावर कोंडलेला आहे; पान म्हणजे स्मृतीचा २५६ बाइटांचा तुकडा.

सुटका होते ती झीरो पेजमुळे, म्हणजे स्मृतीच्या पहिल्या २५६ बाइटांमुळे. तिथला पत्ता एका बाइटात सांगता येतो आणि तिथे ठेवलेल्या दोन बाइटांना दर्शक मानून स्मृतीत कुठेही जाता येते. म्हणून आयपी आणि डब्ल्यू झीरो पेजमध्ये ठेवले जातात. संख्यांचा स्टॅकही तिथेच राहतो आणि एक्स रजिस्टर त्याचा माथा दाखवते. परतीच्या पत्त्यांसाठी यंत्राचा स्टॅक वापरला जातो. ही वाटणी एकदा ठरली की बाकीचे बरेचसे आपोआप ठरते. बेरजेचा शब्द म्हणजे माथ्यावरचे दोन बाइट त्याखालच्या दोन बाइटांत हातच्यासकट मिळवणे आणि एक्स दोनदा वाढवणे, एवढाच उरतो.

या वाटणीचा एक सुंदर लाभ आहे. ६५०२ मध्ये एक्सच्या आधाराने झीरो पेजमधला पत्ता निवडून त्या पत्त्यावरचा बाइट आणण्याची एक पद्धत आहे. एरवीच्या कार्यक्रमांत ती क्वचितच उपयोगी पडते. फोर्थमधला @ हा शब्द, म्हणजे स्टॅकच्या माथ्यावर जो पत्ता असेल तिथली संख्या आण, तिच्यासाठीच बनवल्यासारखा आहे: एका आज्ञेत खालचा बाइट येतो, पत्ता एकाने वाढवला की त्याच आज्ञेने वरचा.

नेक्स्ट

फोर्थमध्ये बांधलेला शब्द म्हणजे पत्त्यांची एक रांग. समजा ‘वर्ग’ या शब्दाची व्याख्या ‘: वर्ग डुप * ;’ अशी केली; डुप माथ्यावरच्या संख्येची प्रत ठेवतो आणि * गुणाकार करतो. स्मृतीत आधी त्याचे नाव जाते, मग आधीच्या शब्दाकडे नेणारा दुवा, मग कोड फील्ड नावाचे दोन बाइट, आणि शेवटी डुप, * व व्याख्येचा शेवट करणारा शब्द यांचे पत्ते. प्रत्येक पत्ता दोन बाइटांचा, म्हणजे व्याख्येचे शरीर अवघ्या सहा बाइटांचे. अशा रांगेला थ्रेडेड कोड, ओवलेला कोड, म्हणतात. मराठीत तो गोफासारखा उलगडत जातो असे म्हटले तरी चालेल. पत्ता सरळ यंत्राज्ञांकडे न नेता आधी कोड फील्डकडे आणि तिथून यंत्राज्ञांकडे नेतो, म्हणून फिग-फोर्थचा प्रकार ‘अप्रत्यक्ष’ ठरतो.

ही रांग पुढे सरकवणारा तुकडा म्हणजे नेक्स्ट. आयपी जिथे बोट दाखवतो तिथले दोन बाइट उचलून डब्ल्यूमध्ये ठेवायचे, आयपी दोनने पुढे न्यायचा आणि डब्ल्यूने दाखवलेल्या कोड फील्डमधल्या पत्त्यावर उडी मारायची. ६५०२ च्या यादीत याला १३ आज्ञा आणि २५ बाइट लागतात. त्यातली शेवटची उडी कौतुकास्पद आहे. डब्ल्यूच्या अलीकडच्या बाइटात अप्रत्यक्ष उडीचा संकेतांक, सोळाच्या पायावर ६सी, कायमचा ठेवलेला असतो. नेक्स्ट त्या बाइटावर उडी मारतो. तेव्हा तो बाइट आणि पुढचा डब्ल्यू मिळून एक पूर्ण आज्ञा होते आणि प्रक्रियक ती पार पाडतो. आपल्या विदेतूनच आज्ञा तयार करण्याची ही युक्ती झीरो पेज हे साधी स्मृतीच असल्यामुळे जमते.

नेक्स्ट हीच या इंटरप्रिटरच्या वेगाची मर्यादा आहे. त्याचे एक आवर्तन प्रक्रियकाच्या घड्याळाच्या साधारण ४१ ठोक्यांचे; १ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर ४१ मायक्रोसेकंद. उलट बेरजेचा शब्द, नेक्स्टकडे परतण्याच्या उडीसकट, ३३ ठोक्यांत होतो. म्हणजे कामापेक्षा कामावर पोहोचण्यालाच जास्त वेळ लागतो. म्हणून ६५०२ वर फोर्थ लिहिणारा नेक्स्टमधला एकेक ठोका मोजतो आणि तो मोजलाच पाहिजे. प्रक्रियकानुसार हा फरक किती पडतो हे मोटोरोलाच्या ६८०९ वरून कळते: तिथे १६ बिटी रजिस्टरे असल्याने हाच नेक्स्ट दोन आज्ञांत आणि १४ ठोक्यांत संपतो.

बांधलेल्या शब्दात शिरण्याचे काम डोकोल हा तुकडा करतो. तो चालू आयपी परतीच्या स्टॅकवर ठेवतो आणि डब्ल्यूमध्ये दोन मिळवून नवा आयपी काढतो. इथे वरच्या बाइटात फक्त हातचा मिळवायचा असतो, त्यासाठी शून्य हवे. नेक्स्टमधून बाहेर पडताना वाय रजिस्टर नेहमी शून्यच असते, म्हणून ते तिथून उचलले जाते आणि एक बाइट वाचतो. यादीत असे संकेत जागोजागी आहेत. स्टॅकवर संख्या ठेवणाऱ्या शब्दांचा शेवटही सामाईक आहे: पुश हा तुकडा एक्स दोनदा कमी करून थेट पुटमध्ये ओघळतो, पुट संख्या ठेवून थेट नेक्स्टमध्ये. उडीची गरजच नाही.

एफएफचा अपशकुन

मूळ ६५०२ मध्ये एक प्रसिद्ध दोष आहे. अप्रत्यक्ष उडीचा पत्ता एखाद्या पानाच्या शेवटच्या बाइटावर, म्हणजे सोळाच्या पायावर एफएफवर, असेल तर प्रक्रियक दुसरा बाइट पुढच्या पानावरून आणत नाही. त्याच पानाच्या सुरुवातीचा बाइट उचलतो आणि भलतीकडे उडी मारतो. नेक्स्ट तर याच उडीवर उभा आहे. म्हणून एकाही शब्दाचे कोड फील्ड एफएफवर सुरू होता कामा नये.

फिग-फोर्थने यावर काढलेला उपाय नवा शब्द तयार करणाऱ्या क्रिएटमध्ये लपलेला आहे. नाव लिहून झाल्यावर क्रिएट कोशाच्या टोकाच्या पत्त्याचा खालचा बाइट पाहतो. तो एफडी असेल तर दोन बाइटांचा दुवा एफडी आणि एफईवर जाईल आणि कोड फील्ड नेमके एफएफवर येईल. म्हणून तुलनेचा निकालच ‘एवढे बाइट सोड’ या शब्दाला दिला जातो. फिग-फोर्थमध्ये ‘खरे’ म्हणजे १, ‘खोटे’ म्हणजे ०. तेव्हा गरज असेल तिथेच एक बाइट सुटतो, आणि त्यासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. मात्र फोर्थ-८३ या प्रमाणाने ‘खरे’ म्हणजे उणे १ असे ठरवले. जुनी ओळ जशीच्या तशी नव्या प्रणालीत नेली तर टोक एक बाइट मागे येते, नावाचे शेवटचे अक्षर पुसले जाते, आणि हे २५६ पैकी एखाद्याच वेळी घडत असल्याने शोधता शोधता नाकी नऊ येतात. नंतरच्या ६५सी०२ मध्ये प्रक्रियकातला दोष दुरुस्त झाला.

बाहेरचा इंटरप्रिटर

माणूस जे टंकतो ते वाचणारा भाग वेगळा आणि त्यामानाने सोपा आहे. तो मोकळी जागा येईपर्यंतची अक्षरे एक शब्द म्हणून उचलतो आणि कोशात सर्वांत नव्या शब्दापासून मागे दुव्यांनी शोधत जातो. सापडला तर स्टेट या चलानुसार तो लगेच चालवतो किंवा त्याचा पत्ता चालू व्याख्येत लिहितो. नाही सापडला तर संख्या समजून वाचून पाहतो. तेही जमले नाही तर शब्द आणि प्रश्नचिन्ह छापतो. नव्या शब्दापासून मागे शोधत असल्याने एकच नाव पुन्हा दिले तर नवा अर्थ लागू होतो, पण जुन्या व्याख्यांमध्ये जुना पत्ता आधीच लिहिलेला असल्याने त्या बिघडत नाहीत.

इफ, देन, बिगिन असे शब्द व्याख्या चालू असतानाही लगेच चालतात. इफ सशर्त उडीचा पत्ता लिहून पुढे दोन बाइट रिकामे सोडतो आणि त्या रिकाम्या जागेचा पत्ता स्टॅकवर ठेवतो. देन तो उचलून जागा भरतो. कंपायलर म्हणून फोर्थजवळ याहून वेगळे यंत्र नाही. जो स्टॅक बेरजेला वापरला तोच इथेही वापरला जातो. आठ-बिटी यंत्रात ६ ते ८ किलोबाइटांत इंटरप्रिटर आणि कंपायलर एकत्र मावले ते या काटकसरीमुळे.

बांधणीचा क्रम

अनुभवाने सोयीचा ठरलेला क्रम असा: आधी नेक्स्ट, मग पुढच्या दोन बाइटांतली संख्या स्टॅकवर ठेवणारा लिट आणि पडद्यावर अक्षर उमटवणारा एमिट. या तिघांवर हाताने पत्त्यांची एक छोटी रांग लिहून एखादे अक्षर उमटले की पाया भक्कम आहे असे समजावे. त्याआधी शोधाला किंवा कोशाला हात घालू नये. डोकोल आणि परतीचा शब्द त्यानंतर, अंकगणित त्याही नंतर. ६५०२ ला गुणाकाराची आज्ञाच नाही. १६ बिटी गुणाकार सरकवणे आणि मिळवणे यांच्या १६ फेऱ्यांत करावा लागतो. बेरजेआधी हातचा पुसायचा राहणे ही नेहमीची चूक. तुलनेतली चूक अधिक फसवी असते: ३०००० आणि उणे ३०००० यांची वजाबाकी चिन्हांकित १६ बिटांत मावत नाही, म्हणून नुसते उत्तराचे चिन्ह पाहून लहान-मोठे ठरवता येत नाही. ओव्हरफ्लोचा बिट पाहावाच लागतो.

असेंब्लीत नेमके किती शब्द लिहायचे यावर मतभेद आहेत. १९९० च्या ईफोर्थ या फोर्थच्या छोटेखानी प्रणालीने ३१ मूळ शब्दांवर बाकी सारे उभे केले. प्रणाली नव्या यंत्रावर नेणे त्याने सोपे होते, पण ६५०२ सारख्या मंद प्रक्रियकावर कोशातला शोध तरी असेंब्लीतच हवा. जागा मुबलक असेल तर प्रत्येक पत्त्याऐवजी सबरूटीनची हाक लिहिण्याचाही मार्ग आहे. पत्त्याला दोनऐवजी तीन बाइट जातात, पण जाण्यायेण्याला मिळून १२ ठोके लागतात, ४१ नव्हे. ६५सी०२ साठीचा ताली फोर्थ २ याच मार्गाने जातो. झेड८० प्रक्रियक असलेला ब्रिटिश घरगुती संगणक ज्युपिटर एस तर १९८२ मध्ये ८ किलोबाइटच्या रॉममध्ये फोर्थ घेऊनच विकायला आला होता.

नावे आणि देवनागरी

वर ‘वर्ग’ हे नाव देवनागरीत लिहिले ते समजावण्यापुरते. फिग-फोर्थ ते जसेच्या तसे घेणार नाही. त्याच्या कोशात नावाआधी लांबीचा बाइट असतो आणि त्यात लांबीला पाच बिट, म्हणजे नाव जास्तीत जास्त ३१ बाइटांचे. नावाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट लावून ‘इथे नाव संपले’ अशी खूण केलेली असते. शोध याच खुणेवर अवलंबून आहे. इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरत असल्याने आठवा मोकळा होता. आजच्या यूटीएफ-८ मध्ये मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि तिन्ही बाइटांचा आठवा बिट लागलेलाच असतो. ‘वर्ग’ मध्ये व, र, हलन्त आणि ग अशी चार चिन्हे, म्हणून १२ बाइट, आणि पहिल्याच बाइटावर शोधाला नाव संपल्याचा भास होतो. उपाय असा की शेवटची खूण काढून टाकायची आणि केवळ लांबीच्या बाइटावर विसंबून बाइटाला बाइट ताडून पाहायचा. तरी पाच बिटांच्या लांबीत देवनागरीची दहाच चिन्हे बसतात. ‘पुनरावृत्ती’ या एका शब्दालाच अकरा लागतात. म्हणून मराठी नावांचा कोश हवा असेल तर लांबीला पूर्ण बाइट द्यावा, आणि त्यातून हललेले दोन ध्वजबिट, म्हणजे ‘लगेच चालव’ आणि ‘अजून अपूर्ण’, शेजारच्या दुसऱ्या बाइटात न्यावेत.