पोस्टकार्डावरच्या सुरकुत्या

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होतात तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. त्यांतल्या कागदांत एखादं तरी चित्र-पोस्टकार्ड निघतं. त्यावर बरेचदा एकच इमारत असते, समुद्राच्या बाजूने टिपलेलं अपोलो बंदरावरचं ताजमहाल हॉटेल. मग कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरतं: 'शंभर वर्षांपूर्वीचा ओरिजिनल रंगीत फोटो, अतिदुर्मीळ!' पुरावा काय, तर कार्ड पिवळं पडलंय.

पिवळेपणावरून वय ठरत नाही. लाकडाच्या स्वस्त लगद्यात लिग्निन असतं. उजेड आणि ऑक्सिजन मिळाला की त्याचं ऑक्सिडीकरण होऊन कागद पिवळा पडतो. गॅलरीत उन्हात राहिलेलं वर्तमानपत्र काही दिवसांत पिवळं होतं, तर सुती चिंध्यांपासून केलेला चांगला कागद शतकभर पांढरा राहू शकतो. नक्कल करणारे तर चहाच्या पाण्यात कार्ड बुडवूनही काम भागवतात.

चित्रातून थोडं कळतं. हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झालं. शेजारच्या गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी 1911 मध्ये झाली आणि उद्घाटन 4 डिसेंबर 1924 रोजी. तेव्हा गेटवेच्या जागी मोकळा धक्काच दिसत असेल तर फोटो 1924 च्या आधीचा. पण एकच निगेटिव्ह प्रकाशक वर्षानुवर्षं वापरत, म्हणून ही फोटोची तारीख झाली, कार्डाची नव्हे. कार्डाची खरी कुंडली छपाईत असते, आणि ती वाचायला सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

भिंगाखाली आकाशाचा कडेचा भाग बघा. एका मापाच्या जाळीत बसलेले लहानमोठे ठिपके दिसले तर ती हाफटोन छपाई. चार रंगांच्या ठिपक्यांची बारीक वर्तुळं दिसली तर बहुधा नंतरच्या काळातली ऑफसेट छपाई. शिंतोडे उडाल्यासारखे विस्कळीत ठिपके असतील तर ते घरच्या इंकजेट प्रिंटरवरून निघालेलं कार्ड आहे. आणि कधी कधी ठिपकाच दिसत नाही. करड्या रंगाच्या छटा एकमेकींत सलग विरघळतात, आणि नीट पाहिलं तर सगळीकडे अतिसूक्ष्म, वळणावळणाच्या सुरकुत्या असतात. हे कोलोटाइप. त्या सुरकुत्या दिसल्या की मला आजही फार आनंद होतो, कारण माणसाने शोधलेल्या छपाईच्या पद्धतींत इतकी देखणी पद्धत क्वचितच असेल. आल्फॉन्स प्वातवँ या फ्रेंच रसायनज्ञाने 1855 मध्ये तिच्या मुळाशी असलेल्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं.

जाड काचेवर जिलेटिन आणि पोटॅशियम डायक्रोमेट यांचं मिश्रण ओततात. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातलं प्रथिन. हा थर पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास, जपून वाळवतात. वाळताना थर आकसू पाहतो, पण खालची काच त्याला धरून ठेवते, त्यामुळे आत ताण साठतो. पुढे थंड पाण्याने धुताना थर फुगतो. आडवं पसरायला जागा नसते, म्हणून तो वर उचलला जाऊन चुरगळतो. भिंगाखाली दिसणाऱ्या सुरकुत्या त्या याच.

धुण्याआधी वाळलेल्या थरावर निगेटिव्ह ठेवून उजेड पाडतात. निगेटिव्हमध्ये आकाश गडद असतं, सावलीतल्या कमानी पारदर्शक. म्हणजे कमानींच्या जागी जिलेटिनवर भरपूर उजेड पडतो, आकाशाच्या जागी जवळपास नाहीच. खरी गंमत आता सुरू होते. डायक्रोमेटमधलं क्रोमियम +6 अवस्थेत असतं, म्हणजे जणू सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं. उजेडात ते शेजारच्या जिलेटिनकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि +3 अवस्थेत उतरतं. या Cr³⁺ आयनाभोवती, म्हणजे विद्युतभारित क्रोमियम अणूभोवती, बंध जोडायला सहा जागा असतात. जिलेटिनच्या साखळ्यांवर ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांचे कार्बोक्सिल गट लटकत असतात, ते या जागा पकडतात. एकाच आयनाला दोन वेगवेगळ्या साखळ्यांनी पकडलं की त्या एकमेकींना बांधल्या जातात. क्रोम वापरून चामडं कमावताना होते तीच ही प्रक्रिया, इथे फक्त तिला उजेडाने आखून दिलेली जागा मिळते. जितका उजेड जास्त, तितक्या गाठी जास्त, आणि तितकी पाणी शोषायची क्षमता कमी.

मग थर पाणी आणि ग्लिसरिनने ओला करतात. उजेड न मिळालेला भाग भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगतो, उजेड मिळालेला कोरडा-कडक राहतो. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की फुगलेला ओला भाग शाई नाकारतो आणि कडक भाग ती घेतो. अर्धवट कडक झालेला भाग अर्धवट घेतो. म्हणूनच ठिपक्यांची गरज पडत नाही. हाफटोनमध्ये छटा हा डोळ्याला झालेला भास असतो, इथे प्रत्येक ठिकाणी शाईच कमीजास्त असते.

पण थर नाजूक. एका काचेवरून हजार-दोन हजार प्रती निघाल्या की तो उखडू लागतो. शिवाय हवेतल्या ओलाव्यानेही जिलेटिन फुगतं, त्यामुळे छापखान्यातली हवा बदलली की छाप बदलतो. जुलैतल्या आपल्याकडच्या हवेत हे काम करणाऱ्या कारागिराची कल्पना करून पाहा.

आता 'रंगीत फोटो'. निगेटिव्ह काळं-पांढरंच होतं. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या बऱ्याच निगेटिव्ह-काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. म्हणून आकाश कोरं यायचं आणि ताजचे तांबडे घुमट प्रत्यक्षापेक्षा काळपट. त्या कोऱ्या आकाशात निळा किंवा गुलाबी रंग नंतर भरला जायचा, कधी हाताने, कधी दगडी लिथो छपाईने. मुंबईच्या प्रकाशकांची कितीतरी कार्डं जर्मनीत छापून येत. तिथल्या ज्या कारागिराने हा समुद्र रंगवला, त्याने तो कधी पाहिलेला असण्याची शक्यता फारच कमी.

अशा कार्डाबरोबर आणखी एक दंतकथा येते. इमारत चुकून उलटी बांधली गेली, पाठ समुद्राकडे झाली, आणि ते पाहून वास्तुविशारदाने वरून उडी मारली! याला काहीही आधार नाही. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पूर्ण होण्याआधीच वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेलं. मुख्य दार शहराच्या बाजूला ठेवलं होतं ते जाणूनबुजून. एका मराठी माणसाचं एवढं मोठं काम आपण अशा भाकडकथेखाली पुरावं, याचा मला राग येतो.

शेवटची चाचणी अतिनील टॉर्चची, नोटा तपासायला दुकानात असतो तशा. 1950 च्या दशकापासून कागदात शुभ्रता वाढवणारी रसायनं सर्रास येऊ लागली. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडतात. अंधाऱ्या खोलीत कार्ड निळं-पांढरं झगमगलं तर तो कागद ब्रिटिशकाळातला नाही, विकणारा काहीही म्हणो. झगमगलं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण आजचे काही कागदही झगमगत नाहीत. टॉर्च डोळ्यांत मारू नका, लहान मुलांच्या हातात देऊ नका.

आणि कार्ड खरं निघालं तर लॅमिनेट करू नका, तो थर पुन्हा सुटत नाही. पीव्हीसीचे स्वस्त अल्बमही नकोत, त्यांतून आम्लाची वाफ सुटते. पॉलिप्रोपिलीनची पाकिटं घ्या, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या अधूनमधून बदलत राहा. खाडीकाठच्या आपल्या हवेत कागदावर तपकिरी डाग पडायला एक ओला पावसाळा पुरतो.