गोठलेला पाय शेकोटीपाशी का मरतो?

हिवाळ्यातल्या माघारीवर बेतलेल्या युद्धपटांत एक प्रसंग हमखास येतो. बर्फातून दिवसभर चाललेली तुकडी रात्री कुठेतरी शेकोटी पेटवते, एका सैनिकाचा बूट मोठ्या कष्टाने काढला जातो, आत पांढराफटक पडलेला, संवेदना गेलेला पाय दिसतो. मग सोबती त्यावर बर्फ चोळतात, तो विस्तवाजवळ धरतात आणि सैनिकाच्या ओठांना ब्रँडीची बाटली लावतात. बिचाऱ्याला ऊब मिळाली म्हणून पाहणाऱ्याचाही जीव भांड्यात पडतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या पायाचा मोठा नाश याच घटकेला सुरू होतो, आणि या तीन उपचारांपैकी एकही त्याच्या हिताचा नाही. त्यांपैकी बर्फ चोळण्याचा उपाय सैनिकी वैद्यकात दीडशे वर्षांच्या आसपास मान्य होता, आणि त्याचे मूळ नेपोलियनच्या सैन्यातल्या एका अत्यंत हुशार शल्यविशारदाच्या अचूक निरीक्षणात आहे.

ज्या माघारीची आठवण अशा प्रत्येक चित्रपटामागे असते, ती 1812 सालची. नेपोलियनचे सैन्य 24 जून रोजी नेमान नदी ओलांडून रशियात शिरले, 19 ऑक्टोबरला त्याने मॉस्को सोडले आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत ते सैन्य जवळपास संपले. फ्रेंच अभियंता शार्ल जोसेफ मिनार याने 1869 मध्ये या मोहिमेचा जो प्रसिद्ध आलेख काढला, त्यात नेमानपाशी 4,22,000 माणसे, मॉस्कोत 1,00,000 आणि परतताना 10,000 असे आकडे आहेत. काही तुकड्या वाटेत ठाणी राखण्यासाठी मागे ठेवल्या होत्या हे धरले, तरी सैन्याचा फार मोठा भाग पहिला बर्फ पडण्यापूर्वीच गळाला होता हे त्या आलेखावरून स्पष्ट दिसते. उन्हाळ्यातली उपासमार, दूषित पाणी, हगवण आणि उवांमुळे पसरणारे ताप यांनी तो बळी घेतला. लिथुआनियातील विल्नियस येथे 2001 मध्ये या सैनिकांची सामूहिक दफनभूमी सापडली. 2006 मध्ये तिथल्या अवशेषांत टायफस आणि ट्रेंच फीव्हर या उवांवाटे पसरणाऱ्या आजारांचे जंतू ओळखले गेले, तर 2025 मध्ये 13 सैनिकांच्या दातांतील डीएनए तपासताना पॅराटायफॉइडचे आणि उवांमुळेच होणाऱ्या, उलटून येणाऱ्या तापाचे जंतू मिळाले. नेपोलियनने 3 डिसेंबर 1812 च्या आपल्या 29 व्या पत्रकात साऱ्या संकटाचा दोष थंडीवर टाकला आणि जगाने ते विधान फारसे न तपासता स्वीकारले.

तरीही थंडीचा वाटा नाकारता येत नाही. मिनारच्या आलेखात 6 डिसेंबरचे तापमान रेओमूर या जुन्या तापमापन-मापात उणे 30, म्हणजे उणे 37.5 अंश सेल्सियस आहे. पण थंडी माणसाला कशी मारते, हा प्रश्न वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे.

थंडीपासून शरीराचा पहिला बचाव करते ती त्वचेची रक्तव्यवस्था. बोटे, नाक आणि कान यांच्या त्वचेखाली रोहिणी आणि शिरा यांना थेट जोडणाऱ्या विशेष वाहिन्या असतात. ऊब असताना त्या उघड्या राहतात आणि भरपूर रक्त तिथून वाहते. थंडी लागताच मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या आज्ञेने अनुकंपी चेतातंतू त्या मिटून टाकतात, कारण हृदय आणि मेंदू यांचे तापमान 37 अंशांच्या आसपास राखण्यासाठी हातापायांची ऊब खर्ची घालणे शरीराला परवडते. या व्यवस्थेत एक दयाळू अपवाद आहे. ब्रिटिश वैद्य थॉमस लुइस याने 1930 मध्ये दाखवले, की बोट बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवले तर पाच-दहा मिनिटांनी मिटलेल्या वाहिन्या आपोआप उघडतात, बोट थोडे उबदार होते, वाहिन्या पुन्हा मिटतात, आणि हे चक्र चालू राहते. थोडी ऊब खर्चून बोट वाचवण्याचा हा प्रयत्न असतो. मात्र ज्याचे शरीर आतूनच गार पडले आहे आणि ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याच्या बाबतीत हे चक्र मंदावते किंवा बंदच पडते. मॉस्कोहून परतणारा, मेलेल्या घोड्याच्या मांसावर जगणारा आणि जुलाबाने सुकलेला सैनिक नेमका अशाच अवस्थेत होता, त्यामुळे रोगाने जे काम अर्धे केले होते ते थंडीने पूर्ण केले.

आता प्रत्यक्ष गोठण्याकडे येऊ. ऊतींमधले द्रव उणे अर्ध्या अंशाच्या किंचित खाली गोठू शकतात. प्रत्यक्षात त्वचा गोठायला त्याहून काही अंश अधिक थंडी लागते. थंडी सावकाश वाढत गेली की बर्फाचे पहिले स्फटिक पेशींच्या आत तयार होत नाहीत, ते पेशींच्या बाहेरच्या द्रवात तयार होतात. बर्फ हे जवळजवळ शुद्ध पाणी असल्यामुळे क्षार मागे उरतात आणि न गोठलेल्या द्रवात त्यांची संहती वाढत जाते. परासरणाचा नियम इथे निष्ठुरपणे काम करतो: कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर जसे पाणी सुटते, तसे पेशींतले पाणी पटलातून बाहेर ओढले जाते. पेशी आक्रसतात, आतील क्षारांची संहती घातक पातळीला जाते, प्रथिनांची घडण बिघडते आणि पटले दुबळी होतात. तरीही या अवस्थेत सगळ्या पेशी मेलेल्या नसतात. गोठलेला भाग दगडासारखा कठीण आणि बधिर असतो, वेदना नसतात, आणि ऊतींची रचना बरीचशी टिकून असते.

वितळण्याची वेळ आली, की घातक टप्पा सुरू होतो. केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूला पेशींचा जो अत्यंत पातळ अस्तर-थर असतो, तो गोठण्याने सर्वांत आधी जायबंदी झालेला असतो. रक्त परत येते तेव्हा हा थर आपल्या खालच्या आधारापासून सुटू लागतो आणि फाटक्या नळीतून झिरपावा तसा रक्तातला द्रव आसपासच्या ऊतींत गळतो. पाय सुजतो, फोड येतात; स्वच्छ द्रवाचे फोड वरवरच्या इजेचे लक्षण मानले जाते, तर रक्ताळलेले फोड खोल इजेचे. द्रव निघून गेल्याने उरलेले रक्त घट्ट होते आणि तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नळ्या तुंबवतात. उघड्या पडलेल्या भिंतीला प्लेटलेट, म्हणजे रक्त साकळवणाऱ्या कणिका, चिकटतात आणि थ्रॉम्बॉक्सेन नावाचे द्रव्य सोडतात, ज्यामुळे वाहिन्या अधिकच आकुंचन पावतात आणि आणखी प्लेटलेट गोळा होतात. वाहिन्या उघड्या ठेवणारे प्रोस्टासायक्लिन हे विरोधी द्रव्य नेमके त्या अस्तर-थरात तयार होते, आणि तो थरच जखमी असल्याने तोल पूर्णपणे गुठळ्यांच्या बाजूला झुकतो. पांढऱ्या पेशी तिथे जमून ऑक्सिजनची अतिक्रियाशील मूलके सोडतात, तीही भिंत जाळतात. याचा परिणाम असा, की काही तासांपूर्वी बर्फाने बंद असलेला पाय आता ऊबदार असूनही रक्ताविना पडतो. जो भाग गोठण्यातून वाचला होता तो वितळण्यानंतर गुदमरतो, आणि पुढच्या काही दिवसांत काळा पडू लागतो.

आता याच पायाला पुढच्या पहाटे पुन्हा बर्फात चालवले, तर सुजलेल्या ऊतींत साचलेला द्रव गोठतो, दुबळ्या पटलांना दुसरा फटका बसतो आणि गुठळ्यांची साखळी अधिक जोमाने पुन्हा सुरू होते. पुन्हा गोठणे हे पहिल्या गोठण्याहून कितीतरी अधिक विध्वंसक असते, याबद्दल आजच्या वैद्यकात मतभेद नाही. दर रात्री शेकोटी आणि दर पहाटे कूच, हा माघारीचा दिनक्रम म्हणजे या चक्राची पुनरावृत्तीच होती.

नेपोलियनच्या सैन्याचा प्रमुख शल्यविशारद दोमिनिक जाँ लारे याने या गोष्टीचा एक तुकडा 1807 मध्येच पाहिला होता. पूर्व प्रशियातील आयलाऊच्या लढाईच्या दिवसांत कडाक्याची थंडी असूनही पायांची तक्रार घेऊन फारसे कोणी आले नाही, पण लढाईनंतर हवा अचानक उबदार होताच सैनिक वेदनांनी विव्हळत येऊ लागले, आणि ज्यांनी शेकोटीला पाय शेकले होते त्यांना गँग्रीन अधिक झाले. रशियाच्या मोहिमेत तो कोटाला थर्मामीटर अडकवून फिरत असे. निरीक्षण अचूक होते; त्यावरून त्याने अनुमान काढले की उष्णताच घातक आहे, म्हणून गोठलेला भाग बर्फाने चोळून अगदी सावकाश पूर्ववत करावा. शेकोटीबद्दलचा त्याचा इशारा योग्यच होता, कारण बधिर पाय भाजला तरी कळत नाही आणि कोरडी आच एका बाजूलाच लागते. सावकाशीचा सल्ला मात्र चुकीचा ठरला. तापमान गोठणबिंदूच्या जरा खाली रेंगाळत राहिले तर बर्फाचे लहान स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात आणि अधिक इजा करतात, शिवाय चोळल्याने नाजूक ऊती घासून फाटतात त्या वेगळ्याच. विसाव्या शतकात सोव्हिएत आणि अमेरिकी संशोधकांनी जलद ऊब देणे अधिक सुरक्षित असल्याचे दाखवले, आणि 1960 च्या सुमारास अलास्कातील शल्यविशारद विल्यम मिल्स याच्या कामामुळे ती पद्धत रुळली. आज 37 ते 39 अंशांच्या पाण्यात, साधारण अर्ध्या तासात, पाय वितळवतात. आणि तो पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत मुद्दाम ऊब देत नाहीत, कारण गोठलेल्या पायाने चालत जाणे वितळलेल्या पायाने चालण्यापेक्षा कमी धोक्याचे असते.

ब्रँडीविषयी थोडक्यात. मद्यामुळे त्वचेच्या वाहिन्या उघडतात, त्वचेला ऊब जाणवते आणि नेमकी तीच ऊब आतल्या अवयवांतून निघून बाहेर जाते. त्याच वेळी मद्य थरथर दडपते आणि रक्तातली साखर कमी करते. थरथरीने शरीर विश्रांतीच्या अवस्थेपेक्षा कित्येक पट उष्णता निर्माण करू शकते, पण त्यासाठी स्नायूंत इंधन हवे. शरीराचे तापमान सुमारे 32 अंशांखाली गेल्यावर थरथर मंदावत जाते आणि माणसाला अनावर झोप येते. या माघारीच्या वर्णनांत बर्फावर बसलेले, झोपू द्या म्हणून विनवणारे सैनिक वारंवार भेटतात.

या मोहिमेशी जोडलेली एक रंजक गोष्ट समाजमाध्यमांवर दर हिवाळ्यात फिरत राहते आणि तिचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते: सैनिकांच्या गणवेशाची कथिलाची बटणे थंडीने भुकटी झाली, कपडे उघडे पडले आणि सैन्य गोठले. कथिल 13.2 अंशांखाली हळूहळू राखाडी, ठिसूळ रूपात बदलू शकते आणि त्याचे आकारमान सुमारे 27 टक्क्यांनी वाढते, हे रसायनशास्त्र खरे आहे. पण हा बदल अतिशय संथ असतो, आणि शिसे किंवा अँटिमनी यांचा अल्प अंशही तो रोखून धरतो. काही आठवड्यांच्या माघारीत तो लाखो बटणांत घडून सैन्य उद्ध्वस्त करील, याला आधार नाही. उपाशी, आजारी आणि बर्फासाठी खिळे ठोकलेले नाल नसलेल्या घोड्यांचे सैन्य का कोसळले, हे समजण्यासाठी बटणांची गरज पडत नाही.

वर वर्णन केलेल्या गुठळ्यांच्या साखळीवर आता थेट औषधे दिली जातात. गुठळ्या विरघळवणारी औषधे पाय वितळल्यापासून पहिल्या 24 तासांत द्यावी लागतात, तर प्रोस्टासायक्लिनसारखे काम करणारे आयलोप्रोस्ट हे औषध अमेरिकेत तीव्र हिमदंशासाठी, म्हणजे गोठण्याच्या अशा इजेसाठी, फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झाले. अवयव कापण्याचा निर्णयही आता घाईने घेत नाहीत; काळा पडलेला भाग आणि जिवंत भाग यांच्यामधली सीमा स्पष्ट व्हायला अनेक आठवडे लागतात, म्हणून शस्त्रक्रिया शक्य तितकी लांबवतात. 1984 पासून सियाचीनवर तैनात असलेल्या भारतीय जवानांना आणि महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्या गिर्यारोहकांना या औषधांचा उपयोग व्हायचा असेल, तर सगळे गणित त्या पहिल्या दिवसाचे आहे, म्हणजे खराब हवेत हेलिकॉप्टर कधी उडू शकते आणि तोपर्यंत पाय अर्धवट वितळवण्याचा मोह सोबत्यांना आवरता येतो का, यावर ते अवलंबून राहते.