लन दिसतंय, पण एक पाथ मेलाय

"लन दिख रही है, पर एक पाथ डेड है. और कैश राइट-थ्रू में चली गई." इंदूरमध्ये रामबागेतल्या एखाद्या पतसंस्थेत स्टोरेज इंजिनियर असं सांगून जातो, तेव्हा व्यवस्थापकांना एवढंच कळतं की काहीतरी बिघडलंय. खरं तर या दोन वाक्यांत बिघाडाचा नेमका पत्ता आहे.

अ‍ॅरे म्हणजे अनेक डिस्क आणि त्या चालवणारे कंट्रोलर असलेली पेटी. लन म्हणजे तिच्यातल्या जागेचा कापून दिलेला तुकडा. सर्व्हरला तो एक अख्खी डिस्क वाटतो. सर्व्हरमध्ये अ‍ॅरेला जोडणारी दोन कार्डं आणि अ‍ॅरेला दोन कंट्रोलर असतील, तर त्या तुकड्यापर्यंत चार वाटा होतात. या वाटा म्हणजे पाथ. या वाटा एकाच लनच्या आहेत हे ओळखणारं मल्टिपाथ सॉफ्टवेअर घातलं नसेल तर एकच लन चार डिस्क म्हणून दिसतं आणि नवखा माणूस चारही फॉरमॅट करायला बसतो. कोणतं लन कोणत्या सर्व्हरने पाहायचं हे ठरवणं म्हणजे मास्किंग. इथे चूक होऊन दोन साध्या सर्व्हरना एकच लन मिळालं, तर ते एकमेकांच्या लिखाणावर लिहितात आणि फाइल सिस्टिमचा चिवडा होतो.

कॅश म्हणजे कंट्रोलरची मेमरी. राइट-बॅकमध्ये डेटा कॅशमध्ये पोचला की "लिहिलं" असं उत्तर मिळतं, डिस्कवर तो सवकाश उतरतो. वीज गेल्यावर हा डेटा बॅटरी सांभाळते. ती थकली की कंट्रोलर स्वतःहून राइट-थ्रूवर जातो, म्हणजे डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबतो. कालपर्यंत धावणारी यंत्रणा आज अचानक रखडली, तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावण्याआधी बॅटरी बघावी. गरम खोलीत ती लवकर जाते. माळव्याचा मे महिना आणि बंद पडलेला एसी तिला मानवत नाही.

आता रेड (RAID), म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकच मोठी जागा करणं. ही कल्पना १९८८मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. तेव्हा नावातल्या 'आय'चा अर्थ 'इनएक्स्पेन्सिव्ह' होता, पुढे तो 'इंडिपेंडंट' झाला. अ‍ॅरेच्या किमती पाहता बरंच झालं.

४ टीबीच्या ८ डिस्क रेड ५मध्ये लावल्या तर २८ टीबी वापरता येतात; एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढून देणाऱ्या हिशोबाला जाते. छोट्या लिखाणाला चार कामं पडतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला साधारण ८० कामं करते. म्हणजे आठ डिस्कवर ६४० वाचनं होतील, पण लिखाणं फक्त १६०. व्याज जमा करायच्या रात्री सगळं का अडतं, ते इथे कळतं.

खरा धोका डिस्क गेल्यावर सुरू होतो. हॉट स्पेअर, म्हणजे आधीच लावून ठेवलेली राखीव डिस्क, तिची जागा घेते आणि रीबिल्ड, म्हणजे गेलेला डेटा तिच्यावर परत उभारणं, चालू होतं. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तरी ४ टीबी भरायला ११ तास; कामकाज चालू असेल तर याहून बराच जास्त वेळ. तेवढ्यात उरलेल्या सात डिस्कवरचे २८ टीबी न चुकता वाचले गेले पाहिजेत. स्वस्त डिस्कचे उत्पादक १२.५ टीबी वाचनामागे एखादी न वाचता येणारी जागा गृहीत धरतात, महागड्या डिस्कचे १२५ टीबीमागे. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या निघतात, तरी मोठ्या डिस्कना दोन पॅरिटींचा रेड ६च द्यावा. वाईट जागा आधीच सापडाव्यात म्हणून स्क्रबिंग, म्हणजे डिस्क वाचून तपासणं, नेमाने चालू ठेवावं.

डिस्क काढतानाही जपून. बऱ्याच अ‍ॅरेंत स्लॉट शून्यापासून मोजतात, म्हणजे 'स्लॉट ३' ही चौथी डिस्क. रेड ५मध्ये एक डिस्क मेलेली असताना चुकून शेजारची ओढली की संपूर्ण गट खाली. आधी नेमकी डिस्क दाखवणारा लोकेटचा दिवा लावून घ्यावा.

थिन प्रोव्हिजनिंग म्हणजे असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा लनना कबूल करणं: पत्रिका पाचशे आणि पानं तीनशे. सगळे जेवायला आले, म्हणजे पूल (सगळ्या लनची सामाईक जागा) भरला, की त्यावरच्या प्रत्येक लनचं लिखाण थांबतं. ८० टक्क्यांवर इशारा लावून ठेवावा.

रेप्लिकेशन म्हणजे दुसऱ्या गावातल्या अ‍ॅरेवर प्रत. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात. भोपाळ साधारण १९० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे २ मिलिसेकंद. सिंक्रोनस पद्धतीत, म्हणजे दोन्हीकडे लिहून झाल्यावरच उत्तर देताना, प्रत्येक लिखाण तेवढं जास्त थांबतं. आणि कोणी खात्यांचा तक्ता चुकून पुसला, तर तो भोपाळलाही तितक्याच तत्परतेने पुसला जातो. परत मिळवायचा तर त्याआधीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची जपून ठेवलेली स्थिती) किंवा आदल्या रात्रीची टेप शोधावी लागते.